इवाना कोबिल्त्सा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही इवाना कोबिल्त्सा कोण?

स्लोव्हेनियाची चित्रकार. जन्म ल्युब्लियाना शहरात, 20 डिसेंबर 1861. मृत्यूही तिथेच, 4 डिसेंबर 1926. मधल्या वर्षांत तिने व्हिएन्ना, म्युनिक, झाग्रेब, पॅरिस, फ्लॉरेन्स, सारायेव्हो आणि बर्लिन इतक्या ठिकाणी काम केलं. माणसांचे चेहरे हा तिचा मुख्य विषय. त्याशिवाय घरगुती प्रसंग, मुलं, फुलं. वास्तववादी व्यक्तिचित्रण म्हटलं की स्लोव्हेनियात पहिल्यांदा तिचंच नाव निघतं.

नाव वाचताना शेवटचा 'त्सा' म्हणजे आपल्या 'चमचा'मधला च समजा, म्हणजे बरोबर येईल.

तेव्हा स्लोव्हेनिया नावाचा देश होता का?

नव्हता. ल्युब्लियाना हे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या क्रान्स्का प्रांताचं मुख्य ठिकाण होतं आणि कारभाराची भाषा जर्मन होती. 1918 मध्ये साम्राज्य मोडलं, सर्ब-क्रोएट-स्लोव्हेन लोकांचं राज्य झालं, आणि स्वतंत्र देश व्हायला थेट 1991 उजाडलं. म्हणजे कोबिल्त्सा जन्मली एका राज्यात, वारली दुसऱ्यात आणि तिचा फोटो नोटेवर छापला तिसऱ्याने. चित्रकलेचं मोठं शिक्षण हवं तर व्हिएन्ना किंवा म्युनिक गाठायचं, हेही या राजकीय नकाशामुळेच. ल्युब्लियानात कला अकादमी नव्हती.

घरची परिस्थिती कशी होती?

चांगली. वडील छत्र्या बनवण्याच्या धंद्यात होते आणि धंदा बरा चालत होता. आई क्रान्य शहराजवळच्या पॉडब्रेझ्ये गावची. मुलींनी शिकावं असं घरात मानलं जायचं. त्यामुळे उर्सुलाइन जोगिणींच्या शाळेत तिला चित्रकला, फ्रेंच, इटालियन हे सगळं शिकायला मिळालं. चित्रकलेच्या तिच्या पहिल्या शिक्षिका म्हणजे ईडा क्यून्ल. सोळाव्या वर्षी वडिलांसोबत ती व्हिएन्नाला गेली, तिथे जुन्या उस्तादांची चित्रं पाहिली आणि पुढचं ठरलं.

पैशाचं पाठबळ नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे स्पष्ट सांगायला हवं. प्रतिभेच्या गोष्टी सांगताना हा भाग लोक गाळतात.

तिने कोणत्या कला महाविद्यालयातून पदवी घेतली?

कुठल्याच नाही. घेता येणं शक्यच नव्हतं. व्हिएन्ना आणि म्युनिक या दोन्ही ठिकाणच्या सरकारी अकादम्यांचे दरवाजे बायकांना 1920 च्या सुमारास उघडले. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेने 1897 मध्ये मुली घ्यायला सुरुवात केली. कोबिल्त्साची शिकण्याची वर्षं त्याआधीची.

मग मुली काय करायच्या? एक म्हणजे संग्रहालयात बसून नकला. 1879-80 मध्ये व्हिएन्नात तिने हेच केलं: अकादमीच्या चित्रदालनात स्टँड लावून जुन्या चित्रांच्या प्रती काढणं. म्हणजे अकादमीच्या वर्गात बसता येत नाही, पण तिच्या भिंतीवरचं चित्र उतरवून घ्यायला हरकत नाही. दुसरा मार्ग खासगी शिकवणीचा. तो महागडा होता आणि त्यातही बायकांना वेगळा हिशोब. पॅरिसच्या प्रसिद्ध आकादेमी ज्युलियाँमध्ये बायकांकडून पुरुषांच्या दुप्पट फी घ्यायचे.

1880 मध्ये ती म्युनिकला गेली आणि 1882 पासून आलोइस एर्टेल्ट या व्यक्तिचित्रकाराकडे शिकली. हे शिक्षण 1889 पर्यंत चाललं. बऱ्याच लेखांत हा काळ 'म्युनिकला शिक्षण' अशा दोन शब्दांत उरकलेला असतो, पण तिचा हात तयार झाला तो याच वर्षांत. चेहरा आणि हात, पुन्हा चेहरा आणि हात. शरीररचनेचा किंवा ऐतिहासिक प्रसंगांच्या भव्य रचनांचा जो अभ्यास अकादमीतल्या पुरुषांना मिळे, तो तिला त्या प्रमाणात मिळाला नाही. पुढे तिची भव्य चित्रं का फसली याचं एक कारण मला इथे दिसतं. त्याबद्दल खाली येईलच.

म्युनिकचा वास्तववाद म्हणजे नेमकं काय?

त्या काळच्या म्युनिकमध्ये विल्हेल्म लाइबल आणि त्याच्या वर्तुळातल्या चित्रकारांचा दबदबा होता. ही मंडळी डच आणि स्पॅनिश उस्तादांकडे, विशेषतः हाल्स आणि वेलास्केझकडे, पाहून शिकलेली. माणूस आहे तसा रंगवायचा. साधा शेतकरी, म्हातारी, मोलकरीण चालेल. कथा सांगायची गरज नाही.

प्रत्यक्ष कामात याचा अर्थ असा: मागची बाजू गडद, तपकिरीकडे झुकणारी. उजेड एका बाजूने. सावल्या पातळ रंगाने, उजेडाच्या जागा जाड रंगाने. बाह्यरेषा काढून आत रंग भरायचा नाही, तर रंगाच्या उजळ-गडद पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवत चेहरा घडवायचा. गालाचं हाड जिथे वळतं तिथे रेषा नसते, फक्त टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, बदलतो. हा बदल नेमका किती, हे ओळखणं म्हणजे सगळी मेहनत. कोबिल्त्साच्या म्युनिक काळातल्या चित्रांत, उदाहरणार्थ 1886 च्या 'डच मुलगी'त, हा टोनचा हिशोब पक्का दिसतो.

'कोफेतारित्सा' इतकं प्रसिद्ध का आहे?

1888 चं तैलचित्र, 100 बाय 70 सेंटिमीटर. नावाचा अर्थ 'कॉफी पिणारी'. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी, हातात कॉफीचा कप. बस्स, विषय एवढाच.

आता जरा जवळून बघू. मागचा अंधार आणि बाईचे कपडे जवळजवळ एकाच गडद रंगात विरघळलेले आहेत, त्यामुळे नजर इकडेतिकडे भरकटतच नाही. उजेड तीन जागी: चेहरा, हात आणि कप. सुरकुत्या बारीक ब्रशने एकेक रेघ ओढून काढलेल्या नाहीत, उजेड आणि सावलीच्या छोट्या फटकाऱ्यांतून त्या तयार होतात. आणि चेहऱ्यावरचं हसू. ते आपल्यासाठी नाही, कॉफीसाठी आहे. म्हातारपण रंगवायचं म्हटलं की त्या काळातले बरेच चित्रकार दोनपैकी एक करत: दारिद्र्याचा कळवळा किंवा आजीबाईंचा गोडवा. इथे दोन्ही नाही. एक बाई आपल्या कपात खूश आहे आणि चित्रकाराने तिला तसंच राहू दिलंय.

तेव्हा कोबिल्त्सा सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती. माझ्या मते व्यक्तिचित्र म्हणून यापेक्षा सरस काम तिने नंतर केलं नाही, जरी नाव 'उन्हाळा'ने जास्त मिळवून दिलं.

'उन्हाळा' हे चित्र कोणाचं? त्यात कोण आहे?

स्लोव्हेनियन नाव 'पोलेत्ये'. 1889-90 मधलं, 180 बाय 140 सेंटिमीटर, म्हणजे पुरुषभर उंचीचं. आईच्या गावी, पॉडब्रेझ्येला रंगवलेलं. बागेत बसलेली तरुणी म्हणजे चित्रकाराची बहीण फानी, सोबत दोन मुलं, फुलं आणि झाडीतून झिरपणारं ऊन.

कोफेतारित्सा आणि हे चित्र यांत जेमतेम दोन वर्षांचं अंतर आहे, पण दोन्ही शेजारी ठेवली तर वेगवेगळ्या हातांची वाटावीत. तपकिरी अंधार गेला आणि हिरवा, निळा, फिकट गुलाबी आला. सावल्यासुद्धा काळ्या नाहीत, रंगीत आहेत. मोकळ्या हवेत, खऱ्या उजेडात रंगवण्याची जी लाट फ्रान्समधून सगळीकडे पसरली होती ती इथे पोचलेली दिसते. तरी चेहरे बघा. पानांवर ब्रश मोकळा सुटलाय, फानीच्या चेहऱ्यावर मात्र तो पुन्हा म्युनिकच्या शिस्तीत येतो. हे दुहेरीपण काही समीक्षकांना दोष वाटतं. मला तेच आवडतं. बहिणीचा चेहरा उन्हाच्या ठिपक्यांत विरघळवून टाकायला तिचा हात धजावला नाही, असं समजा.

फानी तिच्या इतर चित्रांतही आहे, 1889 चं तिचं स्वतंत्र व्यक्तिचित्रही आहे. घरातलं मॉडेल फुकट मिळतं आणि तासन्‌तास बसतं हा व्यवहार झालाच. पण ज्या माणसाला जन्मापासून पाहिलंय त्याचा चेहरा रंगवताना खुशामत करावी लागत नाही, आणि हा फरक पैसे घेऊन केलेल्या व्यक्तिचित्रांशेजारी ठेवला की कळतो.

पॅरिसमध्ये तिला खरंच यश मिळालं होतं का?

हो, आणि ते पोकळ कौतुक नव्हतं. 1891 मध्ये 'उन्हाळा' पॅरिसच्या शाँ-द-मार्स येथील सलाँमध्ये लागलं. हे प्रदर्शन सोसिएते नासियोनाल दे बोझार या संस्थेचं. संस्था वर्षभरापूर्वीच नव्याने उभी राहिली होती आणि फ्रेंच चित्रकार पुव्ही द शावान तिचा अध्यक्ष होता. कोबिल्त्साला या संस्थेचं सहसदस्यत्व मिळालं. ल्युब्लियानाहून आलेल्या तिशीच्या बाईसाठी ही मोठी गोष्ट होती.

1891-92 मध्ये ती पॅरिसला राहिली, आंरी जर्व्हेक्स या चित्रकाराच्या खासगी वर्गात गेली, 1892 मध्ये बार्बिझों या चित्रकारांच्या आवडत्या गावालाही जाऊन आली. 'इस्त्री करणाऱ्या' (लिकारित्से, 1891) आणि 'गवतातली मुलं' (1892) ही याच काळातली. 1893 मध्ये ती घरी परतली.

मग ती इम्प्रेशनिस्ट होती का?

नाही. उजेड तिने घेतला, पण इम्प्रेशनिस्टांसारखा आकार उजेडाच्या ठिपक्यांत मोडू दिला नाही. स्लोव्हेनियन इम्प्रेशनिस्ट म्हणजे पुढची फळी: रिहार्ड याकोपिच, इव्हान ग्रोहार, मातिया यामा, मातेय स्टेर्नेन. 1904 मध्ये व्हिएन्नाच्या मीथ्के गॅलरीत त्यांचं प्रदर्शन गाजलं आणि तेव्हापासून 'आपली' राष्ट्रीय चित्रकला म्हणजे ही चौकडी, असं समीकरण झालं. त्यांचं निसर्गचित्र म्हणजे स्लोव्हेनियाचा आत्मा. त्या मांडणीत जर्मन वळणाची, परदेशात राहणारी, चेहरे रंगवणारी बाई बसेना. तिचं नाव मागे पडलं ते चित्रं वाईट होती म्हणून नाही.

फोटो स्टुडिओ निघाले असताना लोक व्यक्तिचित्रं का काढून घेत?

फोटो काळा-पांढरा आणि तळहाताएवढा. दिवाणखान्याच्या भिंतीवर आजोबांना बसवायचं तर तैलचित्रच हवं. शिवाय त्यात प्रतिष्ठा होती: वकील, व्यापारी, धर्मगुरू, नगराध्यक्ष यांनी चित्र काढून घेणं हे समाजात आपलं स्थान पक्कं करण्यासारखं. कोबिल्त्साचं पोट बऱ्याच अंशी अशा कामांवर चाललं. त्यातली सगळी चित्रं चांगली नाहीत. काहींत कापड सुरेख आणि चेहरा सपाट असतो. गिऱ्हाइकाला जे हवं होतं ते मिळालं, एवढंच.

ती सारायेव्होला का गेली?

बोस्निया 1878 पासून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात होता आणि सरकार तिथे नव्या इमारती, नव्या संस्था, नवी मासिकं असं सगळं उभं करत होतं. चित्रकारांना काम होतं. 1897 ते 1905 ती तिथे राहिली. सारायेव्होतल्या चित्रकारांच्या मंडळात ती होती आणि 'नादा' या सचित्र मासिकासाठी तिने चित्रं काढली. नादा हे सरकारी पैशावर चालणारं मासिक, 1895 ते 1903 चाललं. छपाई मात्र उत्तम.

'स्लोव्हेनिया ल्युब्लियानाला वंदन करते' हे चित्र कसं आहे?

भलं मोठं आहे. 14 एप्रिल 1895 रोजी, ईस्टरच्या रविवारी, ल्युब्लियानाला भूकंपाने हादरवलं. त्यानंतर महापौर इव्हान ह्रिबार यांच्या काळात शहर नव्याने बांधलं गेलं आणि राष्ट्राभिमानाला उधाण आलं. 1903 चं हे चित्र त्या वातावरणातलं, नगरपालिकेच्या सभागृहासाठी केलेलं. ल्युब्लियाना म्हणजे एक स्त्री, स्लोव्हेनिया म्हणजे दुसरी.

मला ते लाकडी वाटतं. देश आणि शहर यांना चेहरा नसतो, आणि जिथे खरा चेहरा नाही तिथे कोबिल्त्साचा हात चालत नाही. त्यातल्या माणसांचे चेहरे सुटे करून पाहिले तर चांगले आहेत. एकत्र उभे केले की नाटकाचा शेवटचा प्रवेश.

तिने लग्न केलं होतं का?

नाही. हा प्रश्न पुरुष चित्रकारांच्या पानावर क्वचितच येतो, पण उत्तर विचारलं जातं म्हणून दिलं. त्या काळी लग्नानंतर बाईची चित्रकला बहुतेक वेळा वाढदिवसाच्या कार्डांवर येऊन थांबत असे, इतकं ध्यानात घेतलं की पुरे.

शेवटची वर्षं कशी गेली?

1906 पासून ती बर्लिनमध्ये होती. 1914 मध्ये महायुद्ध पेटलं आणि ती ल्युब्लियानाला परतली. यापुढे फुलांची चित्रं जास्त दिसतात. फुलं विकली जात, हे एक. पण गुलाबाच्या पाकळीच्या वळणावर टोन कसा बदलतो हे बघण्यात तिला म्युनिकमधला जुना खेळ पुन्हा सापडला असावा, असा माझा अंदाज. शहरात तोवर याकोपिचचा बोलबाला होता. तिच्याकडे आदराने पाहत, पण जुन्या पिढीतली म्हणून.

तिचं चित्र नोटेवर होतं म्हणतात, ते खरं का?

खरं. स्लोव्हेनियाचं जुनं चलन तोलार. 1993 मध्ये आलेल्या 5000 तोलारच्या नोटेवर पुढे कोबिल्त्सा, मागे राष्ट्रीय कलादालनाची इमारत. तोलारच्या नोटांवरची ती एकमेव स्त्री. याच मालिकेत याकोपिचला 100 ची नोट मिळाली. हयातीत जो तिला मागे टाकून गेला त्याच्या पन्नासपट किंमत, असं म्हणून कुणी गालातल्या गालात हसलं असेल तर नवल नाही.

पण 1 जानेवारी 2007 रोजी युरो आला (दर 239.640 तोलारला एक युरो, म्हणजे तिची नोट सुमारे 20.86 युरोची) आणि फासे उलटले. स्लोव्हेनियाच्या 5 सेंटच्या नाण्यावर ग्रोहारचा 'पेरणारा' आला, कोबिल्त्साला नाण्यांत जागा नाही. जुनी नोट हाती लागली तर स्लोव्हेनियाची मध्यवर्ती बँक ती अजून बदलून देते, त्याला मुदत नाही. तरी बदलू नका, ठेवून द्या.

त्या काळातले आणखी कोणते स्लोव्हेनियन वास्तववादी चित्रकार पाहावेत?

यानेझ आणि युरी शुबित्स हे दोघे भाऊ, दोघेही चाळिशीच्या आत गेले. योझेफ पेटकोव्हशेक, ज्याच्या खोल्यांतली माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. फेर्दो वेसेल.

आणि आंतोन आझ्बे (1862-1905), ज्याचं नाव त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्या विद्यार्थ्यांमुळे जगाला माहीत झालं. 1891 मध्ये त्याने म्युनिकमध्ये खासगी शाळा काढली. कँडिन्स्की, याव्लेन्स्की आणि इगोर ग्राबार हे रशियातले चित्रकार तिथे शिकले, आणि वर सांगितलेले चौघे स्लोव्हेनियन इम्प्रेशनिस्टही. तो शिकवायचा की डोकं रंगवताना आधी ते गोळा म्हणून बघा: उजेड कुठे पडतो, कुठे वळतो, मागून परतलेला उजेड कुठे लागतो. नाक, डोळे, ओठ नंतर. व्यक्तिचित्रण शिकणाऱ्या कुणालाही हे आजही उपयोगी पडेल. कोफेतारित्साचं डोकं या नजरेने पाहिलं तर रुमालाखालचा गोळा स्पष्ट जाणवतो, जरी कोबिल्त्सा त्या शाळेत कधी शिकली नव्हती.

मूळ चित्रं कुठे बघायला मिळतील?

ल्युब्लियानाच्या राष्ट्रीय कलादालनात, तिवोली बागेजवळ. संस्था 1918 मध्ये स्थापन झाली, इमारत 1896 ची. 'कोफेतारित्सा' आणि 'उन्हाळा' दोन्ही तिथलीच. 2018 मध्ये याच दालनाने कोबिल्त्साचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं आणि तिच्याकडे नव्याने पाहायला सुरुवात झाली त्यात त्याचा वाटा मोठा. भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा चालतो, त्यामुळे व्हिएन्ना किंवा व्हेनिसच्या सहलीत एक दिवस काढता येतो. 'उन्हाळा' या चित्रासमोर आधी लांब उभे राहा, मग फानीच्या चेहऱ्याजवळ जा. क्रम उलटा केला तर पानं नुसते रंगाचे डाग दिसतात.

तिच्या चित्रांची छायाचित्रं दिवाळी अंकात किंवा पुस्तकात छापता येतात का?

चित्रांवरचा स्वामित्वहक्क संपलेला आहे. युरोपात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं, भारतात 60 वर्षं. ती 1926 मध्ये वारली, म्हणजे दोन्हीकडची मुदत गेल्या शतकातच उलटली. राहतो प्रश्न छायाचित्राचा. युरोपीय संघाच्या 2019 च्या कायद्यानुसार हक्क संपलेल्या दृश्यकलाकृतीच्या हुबेहूब छायाचित्राला नव्याने हक्क लागत नाही. तरी मोठ्या आकाराची, छपाईच्या दर्जाची प्रत हवी असेल तर कलादालनाकडे मागावी लागते आणि त्यांचे शुल्क, अटी वेगळ्या असू शकतात. छापताना एक काळजी घ्या: कोफेतारित्साचा गडद भाग कमी प्रतीच्या कागदावर सरसकट काळा येतो आणि रुमालाची कड नाहीशी होते. आधी एक प्रूफ काढून बघा.